रस्ता कोणाचा, रस्ता कशाचा?

मुठेला पाणी सोडलं की पुण्यातला एक रस्ता नाहीसा होतो. खडकवासल्याचा विसर्ग वाढतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातल्या रस्त्यावर बॅरिकेड लागतात आणि तिथली गर्दी कर्वे रस्ता, टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता इथे येऊन आदळते. पाणी ओसरलं, गाळ निघाला की रस्ता पुन्हा हजर. नारायण पेठेतून डेक्कनला जाणारा दुचाकीवाला हा रस्ता कायद्याने आहे की नाही, असा प्रश्न कधी स्वतःला विचारत नाही. त्याला सिग्नल टाळायचा असतो.

शहराच्या पश्चिम कडेला याच्या बरोबर उलटा प्रकार आहे. कात्रज ते देहूरोड बाह्यवळण हा कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे दिल्ली-चेन्नई. पण सकाळी वारज्याच्या पुलाखाली उभं राहून पाहिलं तर त्यावर चढणाऱ्यांत चेन्नईला निघालेले थोडेच. कोणाला बाणेरला कामावर पोचायचंय, कोणाला हिंजवडीला, आणि एखादा नुसता पलीकडच्या किराणा दुकानात निघालेला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वाटा’ हा विषय सुचवला, तेव्हा मी या दोन रस्त्यांपासून सुरुवात केली. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर रस्ते भरणाऱ्यांचा एक जुना वाद आहे. रस्त्याचा दर्जा कशावरून ठरवायचा? सरकारदरबारी तो काय आहे त्यावरून, की तो प्रत्यक्षात काय काम करतो त्यावरून? ऐकायला वाद किरकोळ वाटतो. पुण्यात मात्र त्याची उत्तरं रस्तोरस्ती बदलतात.

रेघेचा रंग

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. कोणीही खातं उघडावं, उपग्रहचित्रावर रेघ ओढावी आणि त्या रेघेला माहितीची लेबलं लावावीत, अशी त्याची रीत. ही लेबलं म्हणजे टॅग. रस्त्यासाठी सर्वांत महत्त्वाचा टॅग ‘हायवे’. नाव हायवे असलं तरी बोळापासून द्रुतगती मार्गापर्यंत सगळे त्यातच बसतात. वरून खाली मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, अनक्लासिफाइड, रेसिडेन्शिअल अशी उतरंड आहे. शेतातल्या गाडीवाटेला ट्रॅक आणि पायवाटेला पाथ.

नेहमीच्या नकाशात मोटरवे गुलाबीसर दिसतो, ट्रंक आणि प्रायमरी नारिंगीच्या छटांत, सेकंडरी पिवळा, त्याखालचे सगळे पांढरे. रंग चुकला तर डोळ्यांना खटकेल, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. या नकाशावर मार्ग शोधून देणारी सॉफ्टवेअर चालतात. त्यांतल्या ओएसआरएम या प्रसिद्ध प्रणालीत गाडीसाठी दिलेला मूळचा वेग असा: ट्रंकवर ताशी ८५ किलोमीटर, प्रायमरीवर ६५, सेकंडरीवर ५५, टर्शरीवर ४०, रेसिडेन्शिअलवर २५. दुसरी माहिती नसेल तर यंत्र या आकड्यांवर भरवसा ठेवतं. उद्या कोणी लक्ष्मी रस्त्याला ट्रंक करून टाकलं, तर यंत्राच्या लेखी सोन्यामारुती चौकातून ताशी ८५ने गाडी निघेल आणि ते बिनदिक्कत तुम्हाला तिकडे पाठवेल. गल्लीला वरचा दर्जा दिला की गल्लीत परकी वाहनं शिरतात. मोठ्या रस्त्याचा दर्जा उतरवला तर परगावचा ट्रक आडरस्त्याला लागतो.

ही उतरंड ब्रिटिश रस्त्यांवरून बेतलेली, त्यामुळे इतर देशांना ती आपापल्या मापाने कापून घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये ट्रंक ओळखायची खूण म्हणजे हिरव्या पाट्या. जर्मनीत बांधणी पाहतात: ऑटोबानसारखा दुभाजक आणि चढ-उताराच्या मार्गिका असतील तर ट्रंक. अमेरिकेतल्या मॅपरांनी अलीकडे रस्त्याच्या कामगिरीला महत्त्व दिलं. भारतात बरीच वर्षं सोपा तोडगा चालला. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य मार्ग म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग सेकंडरी, इतर जिल्हा मार्ग टर्शरी. मैलाच्या दगडावरचा क्रमांक वाचायचा आणि रंग द्यायचा. वादाला जागा नाही, नवख्यालाही जमतं, आणि कोणीही जाऊन खातरजमा करू शकतं.

माळरानावर हा तोडगा छान चालतो. शहराच्या वेशीवर तो अडखळतो.

नागपुरात ठरलेली उतरंड

का अडखळतो, हे समजायला १९४३ सालच्या नागपूरला जावं लागतं. तिथे देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते जमले आणि पुढच्या २० वर्षांचा रस्ते आराखडा त्यांनी केला. तोच ‘नागपूर आराखडा’. आज सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाट्यांवर दिसणारी राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही वर्गवारी तिथली.

या वर्गांच्या मूळ व्याख्या वाचल्या तर त्यांत मालकीचा शब्द क्वचित सापडतो. राष्ट्रीय महामार्गाने राजधान्या आणि बंदरं जोडायची, राज्य मार्गाने जिल्ह्याची ठिकाणं, जिल्हा मार्गाने पिकाचा प्रदेश बाजारपेठेला जोडायचा, ग्रामीण मार्गाने गावं एकमेकांना. म्हणजे जिला आपण आज ‘कायदेशीर दर्जा’ म्हणतो ती वर्गवारी जन्माने कामावर आधारलेलीच होती. पुढे १९५५चा महामार्गांचा राज्य कायदा आणि १९५६चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला, अधिसूचना निघू लागल्या, निधीची खाती ठरली, आणि कामाचं वर्णन बाजूला पडून क्रमांक उरला. दर्जा बदलायचा तर राजपत्र लागतं. वाहतूक राजपत्राची वाट पाहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ही उतरंड गावांमधल्या अंतरांसाठी केलेली. शहराच्या पोटातल्या रस्त्यांबद्दल ती बोलत नाही. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ८६ हे मानक आहे. त्यात शहरी रस्त्यांचे चार वर्ग: आर्टेरियल, सब-आर्टेरियल, कलेक्टर आणि लोकल. आर्टेरियलला ५० ते ६० मीटर जागा, सब-आर्टेरियलला ३० ते ४०, कलेक्टरला २० ते ३०, लोकलला १० ते २०. हा हिशेब कामाचा आहे, पण रुंदी पुण्याच्या पेठांना लागू पडत नाही. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता ही एकेरी जोडी मध्यवस्तीची उत्तर-दक्षिण वाहतूक वाहते. काम आर्टेरियलचं, रुंदी मात्र कलेक्टरलाही लाजवणारी. त्यामुळे पुण्यात नुसती टेप घेऊन रस्ता ओळखता येत नाही आणि नुसती पाटी वाचूनही नाही.

एका आदेशासरशी

पाटी किती चंचल असते, हे दारूच्या दुकानांनी दाखवून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल २०१७ पासून दारूविक्री नको. ३१ मार्चला त्यात दुरुस्ती झाली आणि २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी अंतर २२० मीटरवर आलं. उद्देश अपघात कमी करण्याचा होता. पण नियमाची दोरी रस्त्याच्या दर्जाला बांधलेली, म्हणून दोरीचं टोकच सोडवायची कल्पना निघाली. चंडीगडने मार्च २०१७ मध्येच शहरातल्या रस्त्यांना प्रमुख जिल्हा मार्ग ठरवून घेतलं. महाराष्ट्रातही शहरांतून जाणारे काही राज्य मार्ग महापालिका-नगरपालिकांकडे वर्ग करण्याचे आदेश निघाले. अखेर ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारकांना ही बंदी लागू नाही.

त्या महिन्यांत डांबर तेच होतं, ट्रक तेच, खड्डेही तेच. क्रमांकावरून रंग देणाऱ्या मॅपरला मात्र प्रत्येक आदेशागणिक रेघ नारिंगीची पिवळी आणि पिवळीची पांढरी करत बसावं लागलं असतं. दारूच्या परवान्यापायी नकाशावरचा वेग ताशी ६५ वरून ४०वर यावा, यात कुणाचं भलं?

पुण्याचा स्वतःचा दाखला याहून शांत आहे. मुंबई-चेन्नई हा जुना राष्ट्रीय महामार्ग ४ एके काळी निगडी, पिंपरी, दापोडी, वाकडेवाडी, शिवाजीनगर असा शहरात शिरून स्वारगेटवरून कात्रजच्या घाटाला लागायचा. पुढे बाह्यवळण झालं आणि महामार्ग शहराबाहेरून वळला. २०१०च्या फेरक्रमांकनात ४चा ४८ झाला, सोलापूरकडचा ९ होता तो ६५ झाला, नाशिकचा ५० होता तो ६० झाला. स्वारगेट-कात्रज रस्त्याचा महामार्गपणा गेला, पण भार गेला नाही. २००६च्या डिसेंबरात देशातल्या पहिल्या बीआरटीचा प्रयोग याच रस्त्यावर झाला. आज तो महापालिकेचा रस्ता आहे, त्याला राष्ट्रीय क्रमांक नाही, आणि दक्षिण पुण्याला त्याच्याशिवाय चालत नाही. क्रमांकाच्या नियमाने त्याला कुठेच जागा मिळत नाही. कामाच्या नियमाने तो निःसंशय प्रायमरी.

महामार्ग आणि मोहल्ला

बाह्यवळणावर दोन्ही नियम अपुरे पडतात. नवा कात्रज बोगदा ते नवले पूल हा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका ट्रकने इथे चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरलं. उतारावर बोगद्यातून सुटलेला अवजड ट्रक परप्रांतातून आलेला असतो. त्याच्यासाठी हा लांब पल्ल्याचा महामार्ग आहे. नऱ्हे-आंबेगावातून वडगावकडे निघालेली स्कूटर रोजच्या कामाला निघालेली असते. तिच्यासाठी ही गल्लीची पुढची पायरी. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं, आणि अपघात होतो तो दोन्ही खरेपणा एकाच डांबरावर आल्यामुळे.

नकाशात यावर एक व्यवहार्य उत्तर आहे. मधल्या मार्गिका वेगळ्या रेघांनी काढायच्या, दोन दिशांच्या दोन. बाजूचे सेवारस्ते त्यांच्याशी न जोडता स्वतंत्र काढायचे आणि जिथे खरोखर चढता-उतरता येतं तिथेच सांधायचे. चांदणी चौकात हे काम किचकट होऊन बसलं. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे स्फोटाने पाडला आणि नव्या मार्गिकांचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ला झालं. मुळशीकडून येणारा, कोथरूडकडे उतरणारा, बावधनला वळणारा, साताऱ्याकडे सरळ जाणारा, प्रत्येकाची रेघ निराळी. त्यांतली एक चुकीची जोडली तर वाट शोधणारा भलत्याच बाजूला पोचतो आणि परतायला त्याला लांबचा फेरा पडतो. इथे दर्जाच्या वादापेक्षा सांध्याची अचूकता मोलाची.

कामावरून ठरवायचं म्हटलं तरी काम कोणत्या वेळचं, हा प्रश्न राहतोच. लक्ष्मी रस्ता एरवी खरेदीचा आणि वाहतुकीचा. अनंत चतुर्दशीला तो विसर्जन मिरवणुकीचा, तेव्हा वाहनाला तिथे शिरकाव नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन पाळते, तेव्हा तो चालणाऱ्यांचा. मॅपर वर्षातल्या बहुसंख्य दिवसांचं काम धरतात आणि अपवाद वेगळ्या टॅगमध्ये नोंदवतात. हा संकेत शहाणपणाचा आहे, पण संकेतच. ‘काम’ ही मैलाच्या दगडासारखी वाचून घेण्याची गोष्ट नाही. ती पाहून, ताडून ठरवावी लागते आणि दुसऱ्याला पटवावी लागते.

कागदावर आहे, जमिनीवर नाही

पुण्यात ‘डीपी रस्ता’ हा शब्द रिक्षावाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालच्या विकास आराखड्यात आखलेला तो डीपी रस्ता. आखला म्हणजे झाला असं नाही. मधलाच तुकडा भूसंपादनात अडकतो आणि दोन बाजूंना गुळगुळीत रस्ता, मध्ये पत्र्याचं कुंपण असा देखावा उभा राहतो. महापालिका त्याला ‘मिसिंग लिंक’ म्हणते.

१९८७च्या आराखड्यातला एचसीएमटीआर हा सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग कागदावरच राहिला. वेताळ टेकडीच्या अंगाने जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्यावरून टेकडीप्रेमी आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षं झगडा आहे. कात्रज-कोंढवा रस्ता आराखड्यात ८४ मीटरचा. जागा मिळेना म्हणून तो ५० मीटरवर आणण्याचं ठरलं. जागेवर जाऊन पाहिलं तर काही ठिकाणी रुंद काँक्रीट आणि लगेच पुढे दोन ट्रक जेमतेम निघतील एवढी फट.

ओपनस्ट्रीटमॅपचा नियम इथे सोपा आहे: जमिनीवर जे आहे तेच काढा. आखलेला रस्ता फार तर ‘नियोजित’ म्हणून नोंदवा, काम सुरू असेल तर ‘बांधकाम चालू’ म्हणा. वाट शोधणारं यंत्र त्यावरून कोणाला नेत नाही.

नदीपात्र ही या नियमाची उलटी कसोटी. पात्रातला रस्ता म्हणजे पूररेषेच्या आतला रस्ता. विठ्ठलवाडी ते बाह्यवळण या दरम्यान नदीकाठाने महापालिकेने रस्ता करायला घेतला, तेव्हा प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं आणि जुलै २०१३ मध्ये लवादाने निळ्या पूररेषेतल्या त्या कामाला चाप लावला. म्हणजे रस्ता असणं आणि तो तिथे असायला हवा की नको, हे दोन निराळे प्रश्न. भिडे पुलाजवळची वाट नकाशात काढली म्हणून मॅपरने तिला मान्यता दिली असं होत नाही. पण ती गाळली, तर रोज तिथून जाणाऱ्यांची गर्दी कुठून येते-जाते याचं चित्रच खोटं पडतं.

फाटकाच्या आत

लष्करी हद्दीत प्रश्न आणखी वेगळा. खडकी आणि पुणे छावणीत उत्तम डांबरी, झाडांच्या सावलीतले रस्ते आहेत. काही शहराचे दोन भाग जोडतात, पण संध्याकाळी त्यांवर फाटक पडेल की नाही हे स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती. छावणी अधिनियम, २००६च्या कलम २५८मध्ये रस्ता बंद करण्याची रीतसर पद्धत आहे. ती डावलून रस्ते बंद झाल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा मे २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशातल्या ६२ छावण्यांतले असे रस्ते खुले करण्याचा निर्णय घेतला.

अशा रस्त्याला खालचा दर्जा देणं ही पळवाट झाली. त्याचं काम दुय्यम नाही, परवानगी मर्यादित आहे. त्यासाठी ‘ॲक्सेस’ हा निराळा टॅग आहे: सर्वांना खुला, परवानगीने, खासगी, अमुक वेळेत बंद. मोठ्या वसाहतींच्या अंतर्गत रस्त्यांनाही हीच चाळणी लावावी लागते. रुंद, सरळ, दोन मुख्य रस्ते जोडणारा. उपग्रहचित्रात पाहणाऱ्याला तो आयता जोडरस्ता वाटतो. फाटक आणि रखवालदार चित्रात दिसत नाहीत. आज या नकाशात भर घालणाऱ्यांमध्ये ॲमेझॉनसारख्या मोठ्या कंपन्यांचे पगारी चमूही आहेत आणि दूर बसून काम करणाऱ्यांना फाटक कळायला कोणीतरी तिथे उभं राहावंच लागतं.

कामावर आधारलेल्या वर्गवारीत आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा कमी होते. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांसारख्या निवांत भागातली एखादी वाट लोक आडवाट म्हणून वापरू लागले, मॅपरने ते प्रामाणिकपणे नोंदवून तिला टर्शरी केलं, यंत्राने आणखी गाड्या तिकडे वळवल्या, आणि ती खरोखरच टर्शरी झाली. इथे नोंदीनेच वस्तुस्थिती घडवली. म्हणून गल्लीचा दर्जा चढवताना कर्मठ असावं: आज गाड्या जातात एवढं पुरेसं नाही, शाळा, दवाखाना, बसमार्ग, वस्ती असं काही तिला जोडायचं आहे का, ते पाहावं.

पाणंदीची साक्ष

ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महापालिकेत आली. नऱ्हे, सूस, पिसोळी, मांजरी बुद्रुक, वाघोली इथे काल-परवाचे ग्रामीण मार्ग, शिवरस्ते आणि पाणंदी आज सोसायट्यांचे मुख्य रस्ते आहेत. नऱ्ह्यात दोन्ही बाजूंना वसतिगृहं, खानावळी आणि पत्र्याच्या शेड यांच्यामधून पाण्याचा टँकर आणि कॉलेजची बस समोरासमोर येतात. कोणी तरी मागे घ्यायचं असतं, आणि मागे घ्यायला जागा नसते. वळणं पाहिली की कळतं, ही आखणी अभियंत्याची नाही, शेताच्या बांधांची आहे.

भूमी अभिलेख खात्याच्या जुन्या गावनकाशांत या वाटांची खूण ठरलेली आहे. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, पायवाट एकेरी तुटक रेषेने. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. पण नकाशात नसलेल्या वाटाही असतात आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी सोय आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५खाली, वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. तहसीलदार जागेवर जातो, चाकोरी पाहतो, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब घेतो. रस्ता सातबाऱ्यावर चढला आहे का, एवढ्यावर निकाल होत नाही; लोक तिथून जात होते का, हे विचारलं जातं.

म्हणजे कागद विरुद्ध वापर अशी जी लढाई मॅपरांच्या चर्चेत रंगते, तिच्यात कायदा सरसकट कागदाच्या बाजूने उभा नाही. वापर हाच पुरावा मानायची रीत त्यालाही ठाऊक आहे.

मॅपरांच्या अनुभवातून निघालेला मार्गही याच दिशेने जातो. दोन सत्यं एका रंगात कोंबायची नाहीत. ‘हायवे’ टॅगमध्ये काम लिहायचं. क्रमांक ‘रेफ’मध्ये, देखभाल करणारी यंत्रणा ‘ऑपरेटर’मध्ये, परवानगी ‘ॲक्सेस’मध्ये. ब्रिटनमध्ये पायवाटेवरचा जनतेचा कायदेशीर हक्क नोंदवायला ‘डेझिग्नेशन’ असा स्वतंत्र टॅगच वापरतात. आणि कामाचा दर्जा बदलला की त्यामागचं कारण बदलाच्या टिपणीत लिहायचं; ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक रेघेचा इतिहास राहतो, त्यामुळे पुढचा माणूस ते कारण तपासू शकतो, खोडूही शकतो.

असं केलं की एक अनपेक्षित फायदा पदरात पडतो. काम आणि दर्जा जिथे जुळतात ते रस्ते बाजूला ठेवले की न जुळणाऱ्यांची यादी उरते. तिच्यात बाह्यवळण येतं: महामार्ग असूनही शहरी गल्लीसारखा वापरला जाणारा, म्हणून पादचारी पूल आणि सलग सेवारस्त्यांची निकड असलेला. नऱ्ह्याची पाणंद येते: मुख्य रस्त्याचं ओझं वाहणारी, पण रुंदी बैलगाडीची. नदीपात्र येतं: पेठांना हवं असलेलं, पण नदीला नको असलेलं. खड्डा बुजवायला कोणाकडे जायचं हे दर्जा सांगतो. पैसा आधी कुठे लावायचा हे काम सांगतं. पुणे महापालिका, पीएमआरडीए, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम खातं, एमआयडीसी आणि छावणी मंडळ या सगळ्यांकडे आपापल्या मालकीच्या रस्त्यांच्या याद्या आहेत. मालकी आणि काम यांची फारकत जिथे जिथे झाली आहे, त्यांची यादी हौशी मॅपर विनामोबदला तयार करू शकतात. रस्त्याच्या बैठकीत पहिला कागद तोच ठेवायला हवा.